राहिलंय का कुणी?

सकाळी साडेसहाला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून एसटी सुटते.

हसू नका, खरंच सुटते! या गाडीला चाकं नाहीत, इंजीन नाही आणि टपही नाही. पण पुठ्ठ्यावर खडूने लिहिलेली पाटी आहे, घंटी आहे, खिडकीच्या जागेवरून भांडणारे प्रवासी आहेत. आणि मुख्य म्हणजे कंडक्टर आहे. ती नसती तर गाडी कसली, आम्ही सगळे आपापल्या घरात गुडघ्यांना तेल चोळत बसलो असतो.

"ठाणे-लांजा, ठाणे-लांजा! पनवेल, महाड, चिपळूण, लांजाऽऽ! चला, पुढं सरका, दारात गर्दी करू नका. राहिलंय का कुणी?"

हा आवाज मंगलबाईंचा. मंगलबाई वाघ आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर एकट्या राहतात. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन नागपूरला. बाईंनी ठाण्याच्या खोपट डेपोत कंडक्टर म्हणून नोकरी केली, शेवटची काही वर्षं तिथेच माइकवरून गाड्या पुकारल्या आणि रिटायर झाल्या. म्हणजे कागदावर रिटायर झाल्या. सलवार-कमीजवर ड्यूटीचा जुना खाकी शर्ट चढवून, पायात बूट घालून, तिकिटं पंच करायचा जुना चिमटा कटकट वाजवत त्या लिफ्टमधून बाहेर पडल्या की आमचा वॉचमन नकळत सॅल्यूट ठोकतो. तो चिमटा त्यांच्याकडे कसा राहिला हे मी कधी विचारलं नाही. काही गोष्टी विचारू नयेत.

पार्किंगच्या खांबांवरून थेट बी विंगच्या कोपऱ्यापर्यंत त्यांनी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी ताणून बांधली आहे आणि तिच्या टोकाला टिटवाळ्याच्या देवळाबाहेरच्या दुकानातून आणलेली पितळी घंटा. दोरी एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. डबल मिळाल्याशिवाय कुणी पाऊल उचलायचं नाही. सेक्रेटरी पाटणकरांनी सुरुवातीला मीटिंगमध्ये हरकत घेतली, "पार्किंग ही जागा फक्त गाड्यांसाठी आहे."

"मग ही काय हाय?" मंगलबाई म्हणाल्या. पाटणकरांनी हरकत मिनिट्समधून खोडून टाकली.

आता ही गाडी का सुरू झाली, ते सांगते. टिटवाळ्याच्या आमच्या या नव्या बिल्डिंगा म्हाताऱ्यांनी भरलेल्या आहेत. पोरांनी फ्लॅट घेतले, कुणी ठाण्याच्या चाळीतून आईबापांना आणलं, कुणी गावाकडून. पोरं आणि सुना पहाटे कल्याणची गाडी धरायला पळतात ती दिवेलागण झाल्यावर उगवतात. मधल्या वेळात सात मजल्यांवर बंद दारं आणि कुकरच्या शिट्ट्या. चाळीत नुसतं शिंकलं तरी तीन बिऱ्हाडं पलीकडून 'सत्य आहे' असा आवाज यायचा. इथे शेजारचा माणूस गावाला गेलाय की आजारी पडलाय, ते त्याच्या दाराबाहेरच्या दुधाच्या पिशवीवरून ओळखायचं.

मी टेलिफोन खात्यातली. उभी हयात कानाला हेडफोन लावून खुर्चीत काढली. त्यामुळे व्यायामाचं आणि माझं पूर्वीपासून वाकडं. पण मंगलबाईंनी लिफ्टमध्ये माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "टेलिफोनबाई, उद्यापासून एक लेडीज सीट तुमची. चुकवायची नाय." झालं. मी गेले. खरं सांगायचं तर मला घराबाहेर पडायला काहीतरी कारण हवंच होतं. त्याकडे मी येतेच.

पण आधी गाडी! सोसायटीच्या आतल्या रस्त्याची एक फेरी म्हणजे एक थांबा. पाटीवर रोज वेगळा मार्ग. ज्याचं गाव त्या मार्गावर असेल तो त्या दिवशीचा मानकरी. त्याचं गाव आलं की त्याने गावाबद्दल काहीतरी सांगायचंच, तोपर्यंत बाकीच्यांनी जागच्या जागी पाय उचलत राहायचं. आमच्या कांबळेकाकांचं गाव चिपळूणजवळ. एरवी मितभाषी माणूस. पण पहिल्यांदा 'चिपळूऽऽण' असा पुकारा झाला आणि ते नदीबद्दल असे बोलायला लागले, असे बोलायला लागले की आमच्या पोटऱ्या भरून आल्या तरी नदी संपेना.

व्यायामाचे प्रकार सगळे गाडीतलेच. "वरची दांडी धरा!" म्हटलं की दोन्ही हात वर ताणायचे. "बिरेक!" म्हटलं की एका पायावर तोल सांभाळून उभं राहायचं. "खड्डा!" म्हटलं की गुडघ्यात वाकायचं, आणि कोकणच्या मार्गावर खड्डे किती येतात हे मी तुम्हाला सांगायला नको. घाट लागला की बी विंगच्या मागच्या चढावर नागमोडी चालायचं.

आणि खिडकीची जागा! दोघादोघांनी जोडीने चालायचं, त्यात बागेकडच्या बाजूने चालणारा तो खिडकीशी. उघड्या आभाळाखाली चालतोय, चारी बाजूंनी वारा येतोय, तरी खिडकीवरून रोज भांडण. कांबळेकाका सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या खांबाच्या कोनाड्यात रुमाल टाकून जायचे. वाईच्या मालतीआजी, आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या, त्यांनी एकदा तो रुमाल दोन बोटांत धरून बाजूला केला. "रुमाल टाकून जागा धरायचे दिवस गेले, कांबळे. रिझर्वेशन असेल तर दाखवा."

याच मालतीआजींना कशेडी घाटात गाडी लागली. थट्टा नाही करत! मंगलबाई "डावं वळण, उजवं वळण" करत होत्या आणि आजी मटकन कठड्यावर बसल्या. "मला कोकणातल्या घाटांची सवय नाही गं," म्हणाल्या. मंगलबाईंनी खाकी शर्टाच्या खिशातून आवळासुपारी काढून त्यांच्या तोंडात घातली आणि हुकूम सोडला, "आजींना खिडकी द्या!" कांबळेकाका एका शब्दाने न कुरकुरता बाजूला झाले.

पण कळस झाला तो गाडी बंद पडली त्या दिवशी. "इंजान गेलं! सगळे उतरा, धक्का मारा!" मंगलबाई ओरडल्या आणि आम्ही सगळ्यांनी पंपरूमच्या भिंतीला हात टेकून जोर लावायला सुरुवात केली. हाता-खांद्यांना फार चांगला व्यायाम आहे. नेमके पाटणकर दूध घेऊन आले. अख्ख्या सोसायटीची म्हातारी माणसं दात-ओठ खात भिंत रेटताहेत हे पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो, काय झालं? भिंत पडतेय का?"

"भिंत नाय, गाडी बंद पडली. बघत काय उभे राहिलात? हात लावा!"

आणि पाटणकरांनी दुधाची पिशवी खाली ठेवून खरोखर भिंतीला हात लावले. मंगलबाईंच्या आवाजात काहीतरी आहे. माणूस आधी करतो आणि मग विचार करतो.

असं आम्ही खाली हसत-खिदळत असताना दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक माणूस खुर्ची टाकून बसलेला असायचा. ते आमचे हे.

यशवंत. गाव लांजा, नोकरी ठाण्याच्या कारखान्यात फिटरची. बोलणं म्हणजे तोफखाना. आमटीत मीठ जरा कमीजास्त झालं तर चाळीच्या नळापर्यंत बातमी जायची. गेल्या वर्षी हृदयाचं दुखणं आलं, स्टेंट बसवले, सगळं सुरळीत पार पडलं. डॉक्टर म्हणाले, "काका, आता ठणठणीत. रोज चालायचं." पण हे घरी आले ते खुर्चीत बसले ते बसलेच. आधी जिन्याची भीती वाटायची, मग लिफ्टची, मग दाराबाहेरच्या पॅसेजची. "खाली गेलो आणि काय झालं म्हंजे?" एवढं एकच वाक्य. पुढे पुढे तेही बोलेनासे झाले. एक दिवस मी मुद्दाम आमटीत मूठभर मीठ जास्त घातलं. म्हटलं, ओरडतील तरी. त्यांनी ती आमटी शेवटच्या घासापर्यंत मुकाट्याने संपवली. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. माणूस समोर बसलेला आणि घरात नाही, याच्याइतकं वाईट काही नाही.

डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "हृदय उत्तम आहे, मन घाबरलंय. मनाच्या डॉक्टरांना एकदा दाखवू या." यावर ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "मी काय वेडा झालोय?"

मंगलबाईंना मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनीच एकदा डेपोच्या भाषेत, प्रवाशाला सीट म्हणत, विचारलं, "टेलिफोनबाई, दुसऱ्या मजल्यावरची सीट कधी येणार?"

"त्यांना नाही आवडत हे असलं," मी म्हटलं.

"कोण म्हणतं? रोज बघतंय ते माणूस. थांब्यावर उभं राहून गाडीकडं बघणारं माणूस मी लगेच ओळखते. त्याला जायचं असतं, पण हात करायला धजत नाय."

"मग तुम्ही वर येऊन समजवा ना."

"कंडक्टर पॅसेंजरला घरातनं ओढून आणत नाय वो. गाडी थांब्यावर न्यायची, बस्स. गाव कुठलं त्यांचं?"

"लांजा."

मंगलबाईंनी चिमटा दोनदा कटकट वाजवला आणि दुसऱ्या दिवशी पाटीवर लिहिलं, ठाणे-लांजा.

गाडी निघाली. पनवेल गेलं, महाड गेलं, घाट गेला, कांबळेकाकांची नदीही एकदाची ओलांडून झाली. संगमेश्वर झालं. आणि आमच्या गॅलरीखाली येऊन मंगलबाई खड्या आवाजात ओरडल्या, "पालीऽऽ! पाली उतरा! पुढचा थांबा हातखंबा!"

"ओ बाय!"

मी हात वर करून दांडी धरलेली होती. तशीच राहिले. आमच्या ह्यांचा आवाज! कित्येक महिन्यांनी तो तोफखाना!

"ओ बाय! हातखंब्याच्या आधी पाली कशी येईल? आधी हातखंबा, मग पाली!"

मंगलबाईंनी मान वर करूनही पाहिलं नाही. "आमच्या गाडीत पाली आधी येते."

"तुमची गाडी गेली खड्ड्यात! मी जन्मलोय त्या रस्त्याला!"

"मग खाली येऊन दाखवा रस्ता. वरनं वरडून गाडी वळत नाय."

आणि आमचे हे खाली आले. लिफ्ट विसरले, चप्पल विसरले, भीती विसरले. बनियन आणि लेंग्यावर, जिन्याने, तणतणत! शेवटच्या पायरीवर आल्यावर मात्र त्यांना एकदम आठवलं की आपण घाबरलेले आहोत. चेहरा उतरला, हात खांबाकडे गेला.

टण्. एकच घंटी.

आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. मंगलबाई त्यांच्याजवळ गेल्या आणि अगदी हळू, मी कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाल्या, "धाप नाय ना लागली? छातीत काय नाय ना? मग बसा बाकावर. गाडी थांबलेली हाय. घाई कसली नाय."

हे बसले. आम्ही थांबलो. मग ह्यांनीच घसा खाकरला. "हातखंब्याला डावीकडं एक हाटेल होतं. उसळ-पाव काय द्यायचा मेला, डोळ्यांत पाणी आणायचा." आणि मग "चला" म्हणाले. हातखंबा ते पाली ते माझ्या शेजारून चालले. पाली ते लांजा सगळ्यांच्या पुढे. लांजा आल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याचा उसळीशी काही संबंध नव्हता. मी तर उघड उघड रडत होते.

त्यानंतर आमच्या घरात पुन्हा आमटीवरून भांडणं सुरू झाली. देवा, किती बरं वाटलं म्हणून सांगू! मनाच्या डॉक्टरांकडेही गेले. तेही मंगलबाईंमुळेच. "गाडी वर्कशॉपला नेतात ती काय भंगारात काढायला?" त्यांनी विचारलं, "उलट भंगारात जाऊ नये म्हणून नेतात." फिटरला हे लगेच पटलं. मी इतके दिवस हेच सांगत होते, पण बायकोचं सांगणं आणि कंडक्टरचं सांगणं यात फरक असतो.

पुढे पुढे तर हे ड्रायव्हर झाले. सगळ्यांच्या पुढे, दोन्ही हात हवेतल्या स्टिअरिंगवर. गॅलरीतली खुर्ची मी घडी करून पलंगाखाली सरकवली.

मी एकदा मंगलबाईंना कोपऱ्यात गाठलं. "खरं सांगा, पाली चुकून आधी आली की मुद्दाम?"

"टेलिफोनबाई, तुम्ही नोकरीत कधी राँग नंबर लावला होता?"

"लागला असेल चुकून."

"मी नाय कधी थांबा चुकले," त्या म्हणाल्या आणि कटकट करत पुढे गेल्या.

अशी सगळ्यांची गावं झाली. वाई झाली, लांजा-चिपळूण तर किती वेळा. पण मंगलबाईंचं गाव कधी पाटीवर आलं नाही. विचारलं की म्हणायच्या, "कंडक्टरला गाव नसतं, डेपो असतो." आणि लगेच, "चला, पुढं सरका!"

मग एका सकाळी घंटी वाजली नाही.

आम्ही सगळे वेळेवर जमलो होतो. जोड्या लावल्या, खिडकीवरून भांडून झालं, आमच्या ह्यांनी स्टिअरिंग धरलं. आणि उभे राहिलो. पाटणकर दूध घेऊन आले. "काय, आज चालत नाही का?"

"डबल मिळाली नाही," हे म्हणाले.

"अहो, मग चाला की तसेच! पाय तुमचेच आहेत ना?"

कुणी हललं नाही. कांबळेकाकांनी दोरीकडे हात नेला तर मालतीआजी कडाडल्या, "खबरदार! कंडक्टरशिवाय घंटीला हात लावायचा नाही." शेवटी मी आणि हे वर गेलो.

दार नुसतं लोटलेलं होतं. मंगलबाई दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. खाकी शर्ट घातलेला, एक बूट पायात, दुसरा हातात. कधीपासून तशा बसल्या होत्या कोण जाणे.

"आज गाडी रद्द," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याजवळ जमिनीवरच बसले. माझ्या गुडघ्यांना आता ते जमतं. मग त्या बोलायला लागल्या.

"मी बरीच वर्षं ठाणे-आळेफाटा लाइनला होते. कल्याण, मुरबाड, टोकावडे, मग माळशेजचा घाट. टोकावड्याच्या पुढं घाटाच्या अलीकडं आमचा बोरवाडी फाटा. तिथं चिंच होती मोठी. माझ्या आईला माझ्या ड्यूट्या पाठ. चिंचेखाली येऊन बसायची. गाडी थांबली की दारातनं हात वर करून काय ना काय द्यायची. करवंदं, शेंगा, नायतर फडक्यात बांधलेली भाकर. म्हणायची, 'मंगे, उतर की गं घडीभर.' मी म्हणायची, 'आये, ड्यूटीवर हाय. रिटायर झाले की उतरते.' आणि डबल मारायची."

हातातला बूट त्यांनी खाली ठेवला.

"रिटायर झाले तवा म्हातारी नव्हती. मग कुणासाठी उतरू? पण चिंच होती. वाटायचं, जाऊ कधीतरी, तिच्या जागेवर बसू. काल भाच्याचा फोन आला. रस्ता रुंद करतायत. चिंच पाडली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "रोज बोंबलत होते, राहिलंय का कुणी, राहिलंय का कुणी. जल्मभर लोकांना उतरवलं, टेलिफोनबाई. माझंच उतरायचं राहिलं."

मी त्यांचा हात धरून बसले. हे दारात उभे होते. हे असे उभे राहिले की काहीतरी ठरवत असतात, एवढं मला इतक्या संसारात कळलेलं आहे.

त्या दिवशी मी खाली सगळ्यांना सारं सांगितलं. दुसऱ्या दिवशीही मंगलबाई आल्या नाहीत. पण पाटी तयार होती. आमच्या ह्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरात, कल्याण-बोरवाडी फाटा. आम्ही सगळे मंगलबाईंच्या खिडकीच्या बरोब्बर खाली रांगेत उभे राहिलो आणि ह्यांनी तोफखाना उघडला.

"कल्याऽऽण! शहाड! गोवेली! मग म्हारळ!"

"अहो, म्हारळ आधी येतं," मी कुजबुजले. रात्रभर सगळे थांबे मीच तर फोनवर विचारून काढले होते.

"गप गो. राँग नंबर लावतोय."

चौथ्या मजल्यावर काही हालचाल नव्हती. ह्यांनी छाती भरून श्वास घेतला. स्टेंटवाल्या माणसाने एवढं ओरडू नये असं मला वाटलं.

"मुरबाऽऽड! मुरबाड उतरा! पुढचा थांबा मामणोली!"

खिडकी खाडकन उघडली.

"ओ डायवर! मुरबाडच्या पुढं मामणोली कुठनं आणलीत?"

"आमच्या गाडीत मामणोली पुढंच येते!"

"तुमची गाडी गेली खड्ड्यात! थांबा, मी येते खाली!"

आणि त्या आल्या! घरातल्या गाउनवर ओढणी, पायात सपाता, खाकी शर्ट नाही, चिमटा नाही. लिफ्टमधून बाहेर पडताना त्यांनी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं आणि मग पाटीकडे. आपण कशा फसलो, ते त्यांच्या लक्षात आलं. हात सवयीने दोरीकडे गेला.

"दोरीला हात नाय लावायचा," हे म्हणाले. "आज तुम्ही सीट."

"मग घंटी कोण मारणार?"

"मी," मी म्हटलं.

कांबळेकाकांनी कोनाड्यातला आपला रुमाल उचलला आणि खिडकीची जागा मोकळी करून दिली. मी टेलिफोनमधल्या माझ्या जुन्या आवाजात, पार वरच्या मजल्यापर्यंत जाईल असं विचारलं, "राहिलंय का कुणी?"

"राहिलं होतं," हे म्हणाले. "आलं."

मी डबल मारली आणि गाडी निघाली. यावेळी सगळे थांबे नीट आले. शहाड, म्हारळ, वरप, कांबा. मंगलबाई सुरुवातीला आमच्या चुका काढत होत्या, खड्डा नीट घ्या, बिरेक उशिरा मारला म्हणून ओरडत होत्या. मुरबाड गेल्यावर हळूहळू गप्प झाल्या. टोकावड्याला त्यांनी ओढणीचं टोक मुठीत धरलं.

बी विंगच्या कोपऱ्यावरच्या बाकापाशी मी दोरी एकदा ओढली. टण्.

"बोरवाडी फाटा. उतरा."

त्या तशाच उभ्या राहिल्या. "ड्यूटी..." असं काहीतरी पुटपुटल्या.

"ड्यूटी संपली, बाय," हे म्हणाले. "उतरा आता."

मंगलबाई रांगेतून बाहेर आल्या आणि बाकाच्या एका कडेला बसल्या. बाजूला एका माणसापुरती जागा सोडून. मालतीआजी पुढे झाल्या. त्यांनी पदराखालून फडक्यात बांधलेली भाकरी काढली आणि मंगलबाईंच्या मांडीवर ठेवली. मंगलबाईंनी त्या फडक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आये, उतरले गं."

आम्ही सगळे आपापल्या जागेवर उभे होतो. पाटणकरही उभे होते, हातात दुधाची पिशवी घेऊन.

"गाडी किती वेळ थांबणार?" कांबळेकाकांनी हळूच विचारलं.

"सीट म्हणेल तेवढा," हे म्हणाले. त्यांचे हात अजून स्टिअरिंगवर होते.

दोरी माझ्या हातात होती. मी ती सोडून दिली. त्या दिवशी आमची गाडी खूप लेट झाली. कुणीही तक्रार केली नाही.